एमपीव्ही प्लेअर: चित्र न अडखळण्यासाठी एक ओळ, आणि त्या ओळीआधीचा हिशोब

कॅमेरा सावकाश एका बाजूकडून दुसरीकडे वळतो आणि खांब, खिडक्या, झाडं बारीक बारीक हिसके खात सरकतात. शेवटची श्रेयनामावली वर चढताना अक्षरं थरथरतात. याचं खापर बहुधा फाइलवर नाहीतर ग्राफिक्स कार्डावर फुटतं, आणि बहुतेक वेळा दोघंही निर्दोष असतात. व्हिडिओत सेकंदाला जितक्या फ्रेम आहेत आणि मॉनिटर सेकंदाला जितक्या वेळा चित्र ताजं करतो (त्याचा रिफ्रेश रेट, हर्ट्झमध्ये मोजलेला), त्या दोन आकड्यांचा भागाकार सरळ येत नाही, एवढंच घडलेलं असतं.

एमपीव्ही हा फुकट, मुक्त स्रोत प्लेअर. एमप्लेअर आणि एमप्लेअर-२ यांच्या कोडमधून निघालेला, विंडोज, लिनक्स आणि मॅक तिन्हींवर चालणारा. हा भागाकार सांभाळण्याचं काम त्याच्याइतकं नेटकं करणारा दुसरा प्लेअर आमच्या मते नाही. तक्रारही लगेच नोंदवून टाकू: ही सोय तो मुळात बंद ठेवतो, ती सुरू करायला मेनू देत नाही, आणि मॉनिटरचा रिफ्रेश रेट स्वतःहून बदलत नाही. म्हणजे नुसता डाउनलोड करून फाइल उघडली, तर इतर प्लेअरांपेक्षा फार काही वेगळं दिसणार नाही.

आधी हिशोब

चित्रपट २४ फ्रेमचा आणि मॉनिटर ६० हर्ट्झचा असला की एका फ्रेमच्या वाट्याला अडीच रिफ्रेश येतात. अर्धा रिफ्रेश दाखवता येत नाही, म्हणून एक फ्रेम तीनदा, पुढची दोनदा, परत तीनदा अशी वाटणी होते. पहिली ५० मिलिसेकंद पडद्यावर राहते, दुसरी ३३.३. संथ आणि एकसारखी हालचाल असेल तर डोळा हा लंगडेपणा लगेच पकडतो. धावपळीच्या दृश्यात तो लपून जातो. २५ फ्रेमचा व्हिडिओ ६० हर्ट्झवर याहून वाईट, कारण पाच फ्रेम बारा रिफ्रेशमध्ये बसवाव्या लागतात आणि दोन-तीन-दोन-तीन-दोन असा विषम ठेका तयार होतो. ३० फ्रेमला काहीच अडचण नाही, प्रत्येक फ्रेम दोनदा.

हे झालं पूर्णांकांचं. प्रत्यक्षात डिस्कवरचे आणि स्ट्रीमिंगचे बहुतेक चित्रपट २४ चे नसून २४०००/१००१ म्हणजे २३.९७६ चे असतात. तसंच ३० च्या जागी २९.९७ आणि ६० च्या जागी ५९.९४. अमेरिकेत १९५३ साली रंगीत टीव्हीचं मानक ठरलं तेव्हा वेग हजारात एक भाग कमी केला गेला, त्याचा हा वारसा. फरक क्षुल्लक वाटतो, पण २३.९७६ चा व्हिडिओ अचूक २४ हर्ट्झवर लावला तर दर ४१.७ सेकंदांनी एक फ्रेम जास्तीची दाखवावी लागते. ५९.९४ चा व्हिडिओ अचूक ६० वर लावला तर हाच ठोका दर १६.७ सेकंदांनी. ‘बाकी सगळं छान चालतं, पण मधेच एक झटका बसतो’ ही तक्रार ऐकली की आधी या दोन आकड्यांचा संशय घ्यावा.

मॉनिटरचे ६० हर्ट्झही खरे ६० असतीलच असं नाही. १९२० बाय १०८० या आकाराचं टीव्हीचं टायमिंग न दिसणारी रिकामी किनार धरून एकूण २२०० बाय ११२५ पिक्सेलांचं धरतात आणि पिक्सेल क्लॉक, म्हणजे सेकंदाला जाणाऱ्या पिक्सेलांचा वेग, १४८.५ मेगाहर्ट्झ, म्हणून बरोबर ६० येतं. पण संगणकाच्या मॉनिटरमध्ये रिकामी किनार कमी ठेवणारं दुसरं टायमिंग सर्रास वापरलं जातं: २०८० बाय ११११, आणि क्लॉक १३८.५ मेगाहर्ट्झ. भागून पाहा, ५९.९३४ येतं. मॉनिटरच्या खोक्यावर मात्र दोन्हीकडे ६०च छापलेलं असतं.

आणि यावर शेवटची मेख आवाजाची. साउंड कार्डाचं घड्याळ वेगळ्या स्फटिकावर चालतं, ग्राफिक्स कार्डाचं वेगळ्या. दोघांचा वेग कधीच तंतोतंत जुळत नाही. बहुतेक प्लेअर, एमपीव्हीही, मुळात आवाजाला प्रमाण मानतात: आवाज अखंड वाजत राहतो आणि चित्र त्याच्यामागून फरफटतं. कान अर्ध्या मिलिसेकंदाची खुडबूडही पकडतो, म्हणून हा निर्णय चुकीचा म्हणता येत नाही. पण त्यामुळे आकडे कागदावर जुळत असले तरी अधूनमधून एखादी फ्रेम गळते किंवा दोनदा दिसते.

ती ओळ

एमपीव्ही या मांडणीला उलटं करू शकतो: चित्र मॉनिटरच्या रिफ्रेशला बांधायचं आणि आवाजाचा वेग किंचित कमी-जास्त करून त्याला चित्राबरोबर चालवायचं. त्यासाठी सेटिंगच्या फाइलीत एवढंच लिहायचं:

व्हिडिओ-सिंक=डिस्प्ले-रिसॅम्पल

फाइलीत हे अर्थातच रोमन लिपीत, सगळी छोटी अक्षरं, मधे रेघ, कुठेही मोकळी जागा नाही. फाइलीचं नाव ‘एमपीव्ही डॉट कॉन्फ’. लिनक्स आणि मॅकवर ती होम फोल्डरमधल्या लपलेल्या ‘डॉट कॉन्फिग’ फोल्डरात, ‘एमपीव्ही’ नावाच्या फोल्डरमध्ये ठेवायची. विंडोजवर ॲपडेटाच्या रोमिंग भागात तसाच फोल्डर करायचा, किंवा प्लेअरच्या शेजारी ‘पोर्टेबल_कॉन्फिग’ नावाचा फोल्डर करून त्यात टाकायची. विंडोज फाइलींची शेपटं लपवतं, त्यामुळे नोटपॅडने गुपचूप ‘डॉट टीएक्सटी’ जोडलेली फाइल तयार होते आणि प्लेअर ती वाचतच नाही. ‘ओळ लिहिली पण काही बदललं नाही’ म्हणणाऱ्यांनी पहिल्यांदा हे तपासावं.

या ओळीने आवाजाचं काय होतं, हा रास्त प्रश्न. २३.९७६ चा व्हिडिओ अचूक ६० हर्ट्झच्या पडद्यावर असेल तर प्लेअर त्याला २४ च्या वेगाने चालवतो, म्हणजे ०.१ टक्का जलद. दोन तासांचा चित्रपट सुमारे सात सेकंद आधी संपतो आणि स्वर एका श्रुतीच्या कितीतरी आत, अर्ध्या सुराच्या पन्नासाव्या भागापेक्षाही कमी चढतो. संगीताचा कान असलेल्यालाही हे ऐकू येणार नाही. घड्याळांमधला बारीक फरक भरून काढायला आवाजाच्या वेगात होणारा बदल तर मुळातच ०.१२५ टक्क्याच्या आत बांधलेला असतो.

चित्राचा वेग किती बदलायचा यालाही मर्यादा आहे, ठरलेली किंमत १ टक्का. ती ‘व्हिडिओ-सिंक-मॅक्स-व्हिडिओ-चेंज’ या पर्यायाने वाढवता येते. ५ केली तर २३.९७६ चा चित्रपट २५ च्या वेगाने ५० हर्ट्झच्या पडद्यावर चालेल, पण मग स्वर जवळपास पाऊण अर्धसुराने चढतो आणि ओळखीचा आवाज परका वाटू लागतो. स्वर जागेवर ठेवून वेग बदलायचा असेल तर ‘डिस्प्ले-टेम्पो’ हा प्रकार आहे, पण त्यात आवाज फिल्टरमधून जातो आणि वेग जवळजवळ मूळचाच असताना काही फिल्टर खरखर करतात. आमचा सल्ला: मर्यादा १ टक्क्यावरच ठेवा आणि मॉनिटरचा मोड बदला.

चालतंय की नाही, हे कसं कळणार

इथे एमपीव्ही सरस ठरतो. इतर प्लेअर तुम्हाला डोळ्यांवर विश्वास ठेवायला लावतात. हा आकडे दाखवतो. व्हिडिओ चालू असताना ‘आय’ ही कळ दाबली की काही सेकंद माहितीचा पडदा येतो, शिफ्ट धरून दाबली तर तो कायम राहतो. त्यात मॉनिटरचा रिफ्रेश रेट दोनदा दिसतो, एक सिस्टिमने सांगितलेला आणि एक प्लेअरने स्वतः मोजलेला. मोजलेला आकडा सुरुवातीला डळमळतो, अर्धा-एक मिनिट थांबून मग वाचावा. सांगितलेला ६०.००० आणि मोजलेला ५९.९३ असेल तर काळजी नको, वर सांगितलेलं टायमिंग आहे. सांगितलेला १४४ आणि मोजलेला ६० च्या आसपास असेल तर मात्र काहीतरी बिघडलं आहे. बहुधा खिडकी दुसऱ्या मॉनिटरच्या तालावर नाचते आहे.

टर्मिनलमधून प्लेअर चालवला तर खालच्या ओळीत ‘डीएस’ असं लिहून पुढे दोन आकडे तिरप्या रेघेने वेगळे केलेले दिसतात, उदाहरणार्थ २.५००/१३. ‘डीएस’ दिसलं याचाच अर्थ नवी पद्धत लागू झाली आहे. ते गायब असेल तर प्लेअर निमूटपणे आवाजाच्या मागे चालण्याकडे परतला आहे. पहिला आकडा म्हणजे एका फ्रेमला सरासरी किती रिफ्रेश मिळतायत. २.५ दिसलं तर २४ चा व्हिडिओ ६० वर आहे आणि तीन-दोनचा लंगडा ठेका कायम आहे. ५.००० दिसलं तर १२० हर्ट्झवर प्रत्येक फ्रेम पाच वेळा, उत्तम. पूर्णांक हवा, बाकी काही नाही. दुसरा आकडा म्हणजे ठरल्यापेक्षा जास्त वेळ घेतलेल्या रिफ्रेशांचा अंदाज. अनेक जण तो गळलेल्या फ्रेमांचा समजून घाबरतात. सुरुवातीला, पुढे-मागे उडी मारल्यावर, पूर्ण पडदा करताना तो वाढणारच. शांत चालू असताना मिनिटामिनिटाला वाढत असेल तर दखल घ्या.

हे वाचलं की एमपीव्हीची मर्यादाही कळते. नुसती ती ओळ लिहून ६० हर्ट्झवरचा तीन-दोनचा ठेका जात नाही. तो नियमित होतो. आवाजाच्या मागे चालताना तीन-दोन-तीन-दोनच्या मधेच तीन-तीन किंवा दोन-दोन घुसतं, ते थांबतं, आणि फरक दिसतो. पण अडीचचं अडीचच राहतं. ते बदलायचं तर मॉनिटरला हात घालावा लागतो.

कोणता रिफ्रेश रेट

मॉनिटर १२० हर्ट्झचा मोड देत असेल तर विषय जवळपास मिटतो: २४ ला पाच, ३० ला चार, ६० ला दोन. फक्त २५ आणि ५० फ्रेमचे व्हिडिओ उपाशी राहतात, त्यांना १०० किंवा ५० हर्ट्झ हवा. ७५ हर्ट्झच्या मॉनिटरवर २५ ला नेमके तीन मिळतात, २४ ला ३.१२५, म्हणजे ७५ हा आकडा ६० पेक्षा मोठा असला तरी चित्रपटांसाठी चांगला नाही. १४४ वर २४ ला सहा मिळतात, पण ३० ला ४.८ आणि ६० ला २.४. गेमसाठी घेतलेला १४४ चा मॉनिटर यूट्यूबच्या ६० फ्रेमच्या व्हिडिओला हिसके का देतो, याचं उत्तर या २.४ मध्ये आहे. त्याला १२० वर आणा. १६५ वर तर काहीच नीट बसत नाही: २४ ला ६.८७५, ३० ला ५.५, ६० ला २.७५. अर्थात रिफ्रेश जितका जलद, तितकी चूक लहान. १६५ वर एखादी फ्रेम सहादा आणि पुढची सातदा दिसली तर फरक ६ मिलिसेकंदांचा, ६० वर तोच १६.७ चा. तरीही चित्रपटाआधी १४४ किंवा १२० निवडायला एक मिनिट लागतं, ते द्यावं. २४० वर २४, ३०, ६० तिन्ही बसतात.

यादीत ५९.९४ आणि ६०, किंवा ११९.८८ आणि १२० असे जोडमोड असतील तर अपूर्णांकवाला घ्या. एमपीव्हीत वर सांगितलेली ओळ असेल तर दोन्ही चालतील, पण ब्राउझरमध्ये किंवा दुसऱ्या प्लेअरमध्ये अपूर्णांकवाल्याचाच फायदा होतो. विंडोजमध्ये मोड बदलायची जागा सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले आणि तिथून ॲडव्हान्स्ड डिस्प्ले. लिनक्सवर एक्सरँडर ही आज्ञा दोन दशांशांपर्यंत आकडे दाखवते, म्हणून खरा रेट समजायला ती बरी. २०२१ पासूनच्या १४ आणि १६ इंची मॅकबुक प्रोमध्ये ४७.९५, ४८, ५०, ५९.९४ आणि ६० असे स्थिर पर्याय सेटिंगमध्येच मिळतात, चित्रपटासाठी ४७.९५ निवडला की प्रत्येक फ्रेम दोनदा. काही विंडोज लॅपटॉपच्या पॅनलनाही बॅटरी वाचवण्यासाठी ठेवलेला ४८ चा मोड असतो. निर्मात्याने तो चित्रपटांसाठी दिलेला नसला तरी कामाला येतो.

ज्यांच्याकडे फक्त ६० आहे त्यांना स्वतःचा मोड तयार करण्याचा मार्ग मोकळा आहे. ७२ हर्ट्झवर २४ ला नेमके तीन रिफ्रेश मिळतात आणि ६० च्या बऱ्याच पॅनलना तेवढं ओझं पेलतं. २३.९७६ साठी नेमका आकडा ७१.९२८. कमी किनारीचं टायमिंग धरून २०८० गुणिले ११११ गुणिले ७१.९२८ केलं की पिक्सेल क्लॉक सुमारे १६६.२२ मेगाहर्ट्झ येतो. जुन्या एकेरी दुव्याच्या डीव्हीआय केबलची मर्यादा १६५ मेगाहर्ट्झ, म्हणून तिथे हे अडकतं. डिस्प्लेपोर्टला किंवा बऱ्यापैकी नव्या एचडीएमआयला अडचण नाही. एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनलमध्ये कस्टम रिझोल्यूशनचा पर्याय आहेच, इतरांसाठी विंडोजवर कस्टम रिझोल्यूशन युटिलिटी नावाचं छोटं साधन मिळतं. पडदा काळा पडला तर पंधरा सेकंद हात न लावता थांबा, चाचणीचा मोड आपोआप मागे फिरतो.

यात फसगत कुठे होते? मॉनिटर ७२ किंवा ५० हर्ट्झ स्वीकारतो, मेनूत तो आकडा दाखवतो, आणि आतल्या आत पॅनलला ६० नेच चालवतो. मग काही फ्रेम गळतात किंवा दोनदा दिसतात आणि एमपीव्हीला याचा पत्ताही लागत नाही, कारण त्याच्या दृष्टीने सिग्नल नीट गेलेला असतो. तपासायचा उपाय कॅमेऱ्याचा: प्रत्येक रिफ्रेशला एकच चौकोन पुढे उजळत जाईल असा चाचणीचा तक्ता लावायचा आणि शटर १/१० सेकंदावर ठेवून फोटो काढायचा. ७२ वर सलग सात चौकोन उजळलेले दिसले पाहिजेत, दोन्ही टोकांचे फिकट असू शकतात. मधला एखादा काळा राहिला किंवा एखादा दुप्पट उजळ दिसला तर मॉनिटर थाप मारतोय. तो मोड काढून टाका.

मिश्रणाचा पर्याय

मोड बदलणं शक्यच नसेल तर ‘इंटरपोलेशन=यस’ ही दुसरी ओळ आणि ‘टीस्केल=ओव्हरसँपल’ ही तिसरी. टीव्हीतली मधल्या फ्रेम रचून हालचाल लोण्यासारखी करणारी सोय वेगळी. ही तसलं काही करत नाही. ६० हर्ट्झवर २४ चा व्हिडिओ असेल तर जो रिफ्रेश दोन फ्रेमांच्या सीमेवर पडतो, तेवढ्यात दोन्ही फ्रेम ठराविक प्रमाणात मिसळून दाखवते. प्रत्येक फ्रेमला सरासरी अडीच रिफ्रेशचाच न्याय मिळतो आणि लंगडेपणा बराच निवतो. बदल्यात संथ हालचालीत कडा क्षणभर दुहेरी दिसतात. ‘मिचेल’ हा दुसरा टीस्केल, म्हणजे मिसळण्याचा प्रकार, निवडला तर हालचाल आणखी गुळगुळीत आणि चित्र आणखी पुसट होतं. आम्हाला तो व्यवहार परवडणारा वाटला नाही. भागाकार पूर्णांक असेल तेव्हा मिश्रणाला काही कामच उरत नाही, म्हणून १२० वाल्यांनी या वाटेला जाऊ नये. उगाच प्रत्येक रिफ्रेशला नवं चित्र काढायचं ओझं ग्राफिक्स कार्डावर येतं आणि त्याच्याकडे दर वेळी ८.३ मिलिसेकंदच असतात.

कार्ड कमी पडतंय का, हे बघायला माहितीच्या पडद्यावर असताना २ ही कळ दाबा. चित्र काढण्याच्या प्रत्येक टप्प्याला लागणारा वेळ दिसतो. बेरीज एका रिफ्रेशच्या वेळेच्या जवळ गेली की फ्रेम गळणार. मग ‘प्रोफाइल=फास्ट’ लावा आणि ‘एचडब्ल्यूडेक=ऑटो-सेफ’ ने डिकोडिंग कार्डावर सोपवा.

कुठे मोडतं

सगळ्यात आधी पासथ्रू. डॉल्बी किंवा डीटीएस आवाज न उलगडता थेट अँप्लिफायरकडे पाठवला जात असेल तर प्लेअरला त्याचा वेग बदलता येत नाही, कारण त्याच्या हातात आवाजाचे नमुने नसतात, बंद गाठोडं असतं. मग तो निमूटपणे आवाजाच्या मागे चालण्याकडे परततो. डॉल्बी ॲटमॉससाठी पासथ्रू हवंच असेल तर डिस्प्ले-रिसॅम्पल सोडून द्या आणि मॉनिटरचा मोड २३.९७६ ला नेमका जुळवण्यावर भर द्या.

दुसरं कारण दोन मॉनिटर. वेगवेगळ्या रेटचे दोन पडदे जोडलेले असले की खिडकीतल्या प्लेबॅकला कोणता ताल लागेल ते सिस्टिमच्या मर्जीवर असतं. पूर्ण पडदा करा. तरी मोजलेला आकडा चुकीचा येत असेल तर दुसरा पडदा तात्पुरता बंद करा किंवा दोन्ही एकाच रेटवर आणा. लॅपटॉपवर विंडोज ११ चा डायनॅमिक रिफ्रेश रेट प्लेबॅकच्या मधेच ६० आणि १२० मध्ये उड्या मारू शकतो, तो बंद ठेवा. ग्राफिक्सच्या कंट्रोल पॅनलमध्ये व्हीसिंक (चित्र रिफ्रेशच्या तालावरच पाठवणारी सोय) सक्तीने बंद केलेलं असेल तर एमपीव्हीच्या सगळ्या मेहनतीवर पाणी पडतं; ते सेटिंग ‘प्रोग्रामवर सोडा’ असं करा.

तिसरं, फ्रीसिंक आणि जीसिंक. मॉनिटरच फ्रेमची वाट बघत असेल तर जुळवाजुळव कशाला, हा विचार कागदावर बरोबर आहे. मात्र तेव्हा डिस्प्ले-रिसॅम्पल वापरू नका, दोन्ही उपाय एकमेकांच्या पायात येतात. मूळची आवाजाला प्रमाण मानणारी पद्धत आणि पूर्ण पडदा, एवढं पुरे. अडचण अशी की या मॉनिटरांची खालची मर्यादा बऱ्याचदा ४८ किंवा ४० हर्ट्झ असते. २४ फ्रेमचा व्हिडिओ त्याखाली पडतो, म्हणून ड्रायव्हर तीच फ्रेम पुन्हा पाठवून वेग दुप्पट करतो. वरची मर्यादा खालच्या मर्यादेच्या निदान दुप्पट नसेल तर तो ही युक्ती करत नाही. शिवाय काही व्हीए आणि ओलेड पॅनलवर रेट हलला की अंधाऱ्या दृश्यात उजेड लुकलुकतो. गेमसाठी ही सोय वरदान. चित्रपटासाठी १२० चा स्थिर मोड आम्हाला जास्त भरवशाचा वाटतो.

इतरांशी तुलना थोडक्यात. टीव्हीला जोडलेल्या संगणकावर रिमोट घेऊन बसायचं असेल तर कोडी घ्या: प्लेअर, व्हिडिओज या सेटिंगमध्ये रिफ्रेश रेट आपोआप जुळवण्याचा पर्याय आहे, शेजारीच प्लेबॅक पडद्याशी बांधण्याचा, आणि मोड बदलताना टीव्ही काळा पडतो तेवढा वेळ चित्रपट थांबवून ठेवण्याचाही. एमपीव्हीत हे सगळं वापरकर्त्यांनी लिहिलेल्या लुआ स्क्रिप्ट जोडून करावं लागतं. विंडोजवर त्यांना आकडा देताना २३ म्हणजे २३.९७६ आणि ५९ म्हणजे ५९.९४ असा संकेत आहे, हे माहीत नसलं की २४ लिहून लोक ४१ सेकंदांचा झटका विकत घेतात. मॅडव्हीआर हा दुसऱ्या प्लेअरला जोडायचा चित्र काढणारा भाग, विंडोजपुरता, मोड आपोआप बदलणारा आणि मिश्रणाची सोय असलेला, पण बसवायला किचकट. व्हीएलसी सर्वभक्षी आहे, पडेल ती फाइल उघडतो, पण पडद्याच्या तालावर आवाज वळवण्याची सोय त्यात नाही. पैसे भरून बघायच्या स्ट्रीमिंगचे संरक्षित व्हिडिओ एमपीव्हीत चालतच नाहीत. तिथे मॉनिटरचा मोड हाताने बदलणं एवढंच हाती उरतं.

सगळं जुळवूनही हिसका राहिला तर फाइलीकडे वळा. पूर्णविरामाच्या कळीने एमपीव्ही एकेक फ्रेम पुढे सरकतो, स्वल्पविरामाने मागे. हालचाल असलेल्या दृश्यात पूर्णविराम दाबत जा. दर पाचव्या वेळी चित्र जागचं हललं नाही, तर कुणीतरी २३.९७६ चा चित्रपट २९.९७ करताना जास्तीच्या फ्रेम फाइलीतच कोंबल्या आहेत; ‘व्हीएफ=डेसिमेट’ ही ओळ पाचातली एक काढून टाकते. पाचातल्या दोन फ्रेमांवर कंगव्यासारख्या आडव्या रेघा दिसल्या तर ती जुन्या डीव्हीडीची टेलिसिने (चित्रपट टीव्हीच्या वेगात बसवण्याची पद्धत) आहे, तिला ‘व्हीएफ=पुलअप’. इथे ‘डी’ कळ दाबून डीइंटरलेस करायचा मोह टाळा, रेघा जातील पण तीन-दोनचा ठेका तसाच राहील. ती कळ खऱ्या इंटरलेस्ड, म्हणजे एका फ्रेमच्या एकाआड एक ओळींत दोन क्षणांची चित्रं गुंफलेल्या, प्रक्षेपणासाठी आहे: २५ फ्रेमच्या अशा फाइलीतून ५० वेगळी चित्रं निघतात आणि त्यांना ५० किंवा १०० हर्ट्झचा पडदा द्यावा लागतो. फोनवर चित्रित केलेल्या व्हिडिओत फ्रेमांमधलं अंतर मुळातच कमी-जास्त असतं. तिथे एका फ्रेमला मिळणाऱ्या रिफ्रेशांचा आकडा डळमळत राहणार, त्यासाठी मॉनिटरच्या सेटिंगमध्ये खोदत बसू नका.